बीमचं टोक

प्लास्टर कापलं तेव्हा आधी वास आला. हात नंतर दिसला.

ओली भाकरी डब्यात झाकून आठ दिवस विसरावी, तसला वास. कापणाऱ्या माणसानेसुद्धा तोंड बाजूला फिरवलं आणि म्हणाला, "घ्या, सुटला." आतून निघालेला हात आमच्या यांचा नव्हता. दंडाच्या जागी हाड आणि त्यावर सैल पडलेलं कातडं. कातड्याचे पिवळे पापुद्रे सुटत होते, केस लांब वाढून घामाने चिकटले होते. पूजा माझ्या कडेवर होती, दहा महिन्यांची. तिने तो हात धरायला मूठ पुढे केली आणि मी ती मागे ओढली. ओढायला नको होती. यांनी पाहिलं.

घरी आलो तर सासूबाई दारातच बसल्या होत्या. हात बघून त्यांनी तोंडावर पदर धरला. "माय व! हाऊ हात शे का काडी?"

"येईल भरून," हे म्हणाले.

बमरोलीच्या कापडाच्या कारखान्यात हे बीम उचलायचे. लोखंडी पाईप, दोन्ही बाजूंना थाळ्या, मधे सुताचा हा एवढा गोळा. शंभर-सव्वाशे किलोचं बीम दोन माणसांनी दोन टोकांना खांद्यावर घ्यायचं, तेरा पायऱ्या चढायच्या आणि वरच्या मागावर नेऊन बसवायचं. असं दिवसभर. आषाढात पायरीवर तेल सांडलं होतं, यांचा पाय गेला आणि थाळीखाली उजवा दंड सापडला. तोवर कारखान्यात यांची आणि हिलालची जोडी एक नंबर होती. पारोळ्याकडची दोन्ही पोरं, एकाच वर्षी सुरतेला आलेली. एकाने शिटी मारली की दुसरा त्याच क्षणी उचलायचा.

मुकादम रघुनाथ अकोल्याकडचा. तो घरी येऊन हात बघून गेला. चहा घेतला, हाताकडे परत बघितलं नाही.

"हेमराज, दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमले कारखाना उघडते. त्या दिवशी मी वर्षाच्या जोड्या लावतो. तू उचललं, तर तुही जोडी तुले. नाही जमलं, तर बॉबिनवर बस."

बॉबिनवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या मशीनवर, बायका बसतात. आमच्या शेजारच्या शोभाबाई बसतात, त्यांची म्हातारी जाऊ बसते. रघुनाथ गेल्यावर यांनी चहाची बशी डाव्या हाताने उचलून मोरीत ठेवली. मग परत आणली, उजव्या हातात धरली आणि पुन्हा मोरीपर्यंत नेली. बशी वाजत होती.

लाभपाचमला आठ आठवडे होते.

हिलालने सांगितलं, रोज चार कच्ची अंडी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या म्हणाल्या, "मन्हा घरमा अंडं उनं, ते मी गावले निंघी जासू." मग अंडी घरात आणायची नाहीत, असं ठरलं. ती मी चाळीच्या संडासाच्या मागे, फुटक्या कोनाड्यात, चिंध्यांच्या डब्यात ठेवायला लागले. सकाळी रांग लागायच्या आधी मी लोटा घेऊन जायची आणि हे माझ्या मागून. संडासाच्या दारात उभं राहून, मान वर करून, एकामागून एक अंडं. खाली फिनाइल टाकलेलं, त्याच्याखाली तो दुसरा वास, आणि वर यांच्या घशातून जाणारा तो बुळबुळीत आवाज. मी पाठ करून उभी राहायची. पाठ केली की आवाज जास्त ऐकू येतो.

एकदा अंड्यात रक्त निघालं. रक्तच नाही, डोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि त्याला चिकटलेलं काहीतरी.

"टाका हो ते."

यांनी डोळे मिटले आणि गिळलं. मग भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहिले. "वाया कसाले घालानं?" एवढंच म्हणाले. मिशीला लागलं होतं ते मी पदराने पुसलं. तो पदर मी तीनदा धुतला. पूजाला त्या दिवशी दुसरी साडी नेसूनच घेतलं.

रात्रभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, केळी. पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. एका खोलीत चौघं आणि पंखा एक. सासूबाई नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड करायच्या, आणि तिकडून आवाज यायचा, "हातमा काय भरी नही ऱ्हायनं, पोटमाच भरी ऱ्हायनं." हे आधी हसायचे. नंतर हसेनासे झाले.

दर रविवारी हे दंडाला काळा दोरा गुंडाळायचे आणि जिथे टोक भेटेल तिथे गाठ मारायचे. पहिल्या रविवारी गाठ मारली. दुसऱ्या रविवारी दोरा त्याच गाठीपाशी भेटला. तिसऱ्या रविवारीही.

"मालिश पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, आवाज खाली आणून, "वाटीभर दूध काढी दे व. तुन्हं. तिळना तेलमा घालीसन लावानं. मन्ही मायनी मन्हा भाऊले लावेल व्हतं."

मी नाही म्हणाले नाही. भिंतीकडे तोंड करून वाटी धरली. पूजा मांडीवरून वाटीकडे बघत होती, हे कुठे चाललंय म्हणून. मग ते दूध, तेल आणि हळद एकत्र करून मी यांच्या दंडावर चोळायची. हाताखाली कातडं नुसतं इकडून तिकडे सरकायचं, आत धरायला काही लागायचं नाही. तासाभरात ते आंबायचं. मुंग्या लागायच्या. यांच्या अंगाला पूजाच्या दुपट्यासारखा वास यायला लागला, पण त्यात माणसाचा घाम, तिळाचं तेल.

एका दुपारी हे चटईवर पडले होते. पूजा रांगत गेली, यांच्या दंडाशी थांबली, नाक लावलं आणि तोंड उघडून चोखायला लागली. आधी आम्ही दोघंही हसलो. ती सोडेना. डोळे मिटून, मुठी वळून, त्या काटकीला चिकटली होती आणि काही मिळत नाही म्हणून कुरकुरत होती. यांनी तिला ढकललं. जोरात नाही. पण ढकललं.

त्यानंतर चार दिवसांनी मी तेल गरम करून वळले तर वाटी रिकामी होती.

"सांडलं का?"

यांची मिशी ओली होती.

"अहो."

"लावीसन काही व्हत नही," हे म्हणाले, दाराकडे बघत. "पोटमा गयं ते तरी..."

मी मोरीत जाऊन ओकले. सासूबाईंना सांगितलं, दूध आटलं, पूजालाच पुरत नाही. त्यांनी मेथीचे लाडू केले. ते मी खाल्ले. पूजाला पाजताना कितीतरी दिवस मी दाराला कडी लावून बसत होते.

हे सगळं एकीकडे आणि पाईप एकीकडे. हिलालने कारखान्यातून भंगारातला बीमचा पाईप आणून दिला होता. यांनी त्यात ओली वाळू भरली, दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबल्या. हिलाल दिवसभर कारखान्यात. मग दुसरं टोक कोण धरणार? मीच.

दुपारी पूजा झोपली की आम्ही चाळीच्या मागच्या गल्लीत जायचो. गल्लीच्या कडेने डाइंगच्या कारखान्याचं गटार वाहायचं. आज लाल, उद्या हिरवं, कधी जांभळं, वरून फेस, त्यातून वाफ. गरम कपड्याला यावा तसा वास, मागून कुजलेल्या घुशीचा. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. त्याला एक खेप म्हणायचं.

पहिल्या दिवशी पाईप माझ्या खांद्यावरून निसटला. खिडकीतून शोभाबाई ओरडल्या, "काय वहिनी, बीमवर लागल्या का? आमाले सांगायचं ना, पेढे आणले असते!"

"पेढे तुम्हीच द्या, तुमचे भाऊजी हरभरे खाऊन कंटाळले," मी म्हणाले. त्या हसल्या. हे हसले नाहीत. यांचा दंड थरथरत होता, मानेवरची शीर तट्ट झाली होती. तिसऱ्या खेपेला पाईप खांद्यावर चढेचना. यांनी दोनदा झटका दिला, तिसऱ्यांदा तोंडातून लहान पोरासारखा आवाज निघाला. मग ते तिथेच गटाराच्या कडेला उकिडवे बसले, तोंडावरून डावा हात फिरवत.

चौथ्या दिवशी मी टोकापासून वीतभर आत सरकले.

कुणी शिकवलं नव्हतं. खांद्यालाच कळलं की जो आत येतो, त्याच्यावर वजन येतं. यांचं टोक उचललं गेलं. तीन खेपा झाल्या. खाली ठेवल्यावर यांनी माझ्याकडे बघितलं, आणि प्लास्टर निघाल्यापासून पहिल्यांदा ते यांच्यासारखे दिसले.

"दख! आज हलकं लागनं!"

त्या दिवशी यांनी तीन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी हिलालला सांगून आले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आता मी काय सांगणार होते?

मग दोन-तीन दिवसांनी हे वाळू वाढवायचे आणि मी आणखी चार बोटं आत सरकायची. हे पुढे असायचे, मी मागे, त्यामुळे दिसायचं नाही. खांद्याला घट्टे पडले. आधी लाल, मग काळे, मग कातडीची सालटं निघून खाली गुळगुळीत चामडं. पाणी भरताना दोन हंडे आता एकाच खेपेत यायला लागले. पूजाला एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने मी सतरंजी झटकायची. ब्लाउजच्या बाह्या दोनदा उसवल्या. मला वाटलं, शिवण कच्ची.

रविवारी दोरा त्याच गाठीला भेटायचा. "आधी खांदा भरस," हे म्हणायचे. "दंड मांगून येस." अंडी चारांची सहा झाली.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधीचा रविवार. खोलीत फराळाचं तळण चाललेलं, सगळीकडे जळक्या तेलाचा धूर. यांनी दोरा काढला, लावला, गाठीशी भेटला, तोंड वाकडं केलं. मग मजेत होते म्हणून की काय, माझ्या दंडाकडे हात केला. "आन, तुन्हा दखू."

मी शेव गाळत होते. "राहू द्या, हात पिठाचे आहेत."

"दंड कोठे पीठना शे?"

त्यांनी दोरा गुंडाळला. टोक गाठीपर्यंत पोचेना. बोटभर कमी पडलं. त्यांनी परत लावला, ओढून. दोरा दंडात रुतला, तरी पोचेना.

सासूबाई चाळणी हातात धरून बघत होत्या. कढईतली शेव काळी पडली.

यांनी माझा दंड चिमटीत धरला. बाजारात बैलाची मांडी दाबून बघतात, तसा. बाही वर सारली, घट्टे बघितले. घट्टे मानेच्या जवळ होते. टोक धरणाऱ्याला तिथे पडत नाहीत. यांचे स्वतःचे दहा वर्षांचे घट्टे खांद्याच्या कडेला होते. हात सोडला तेव्हा यांच्या तोंडावर जे होतं, तेच अंड्यातला ठिपका बघताना माझ्या तोंडावर आलं असणार.

"कोठे धरस तू?"

मी गॅस बंद केला.

"सुषमा. खरं सांग. पाईप कोठे धरस?"

"आतमध्ये," मी म्हणाले. "हातभर."

"कव्हयपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

हे उठले, बाहेर गेले. मी मागून गेले. यांनी पाईपच्या मागच्या टोकावर बोट ठेवलं. "आठे. टोकले धर."

धरलं. उचललं. चार पावलं गेलो आणि यांचा गुडघा दुमडला. पाईप गटारात पडला आणि ते लाल गरम पाणी दोघांच्या तोंडावर, ओठांवर उडालं. मी थुंकत होते. हे थुंकलेसुद्धा नाहीत. पाण्यातून पाईप ओढून काढत म्हणाले, "पाच आठवडा. पाच आठवडा वाळू तू वाहस, अन् अंडा मी खास."

"मला वाटलं, तुम्हाला धीर येईल."

"उना ना धीर. मस्त उना."

आठ दिवस उरले होते. आठही दिवस मी टोकाला धरलं. फटाके वाजत होते, पोरं नवे कपडे घालून गल्लीत आली की आम्ही पाईप खाली ठेवून त्यांना जाऊ द्यायचो. पहिल्या दिवशी चार पावलं, मग सहा, मग परत चार. खांद्यावर काही येत नसल्यासारखं मला वाटायचं आणि पुढे यांची पाठ पिळवटलेल्या फडक्यासारखी व्हायची. माझे पाय आपोआप आत सरकायला बघायचे. मी त्यांना फरशीच्या भेगेवर रोवून धरायची. हे माझ्याशी लागेल तेवढंच बोलत. झोपेत माझा हात लागला तर अंग चोरत.

पाडव्याला अंघोळ करताना मी स्वतःचा दंड बघितला. मूठ वळली की त्यावर गोळा यायचा, उंदीर पळाल्यासारखा. मला शिसारी आली. मग परत मूठ वळून बघितलं. बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याचीच जास्त शिसारी आली. तो गोळा यांचा होता. मी खाल्ला होता.

लाभपाचमला कारखान्यात मुहूर्ताची पूजा होती. मागांना झेंडूच्या माळा, पाट्यावर कुंकू, सगळीकडे पेढे. बायका-पोरं सगळी आलेली. मी खाली बॉबिनच्या मशीनजवळ शोभाबाईंशेजारी बसले, मांडीवर पूजा. मशीनचं जुनं तेल, उदबत्ती आणि माणसांच्या नव्या शर्टांचा खळीचा वास एकात एक मिसळला होता.

रघुनाथने नारळ फोडला. मग म्हणाला, "चला. हेमराज, हिलाल. एक बीम वरती. मुहूर्ताचं."

हे नवा शर्ट काढून बनियनवर उभे राहिले. काटकी सगळ्यांना दिसली. कुणीतरी मागे खुसखुसलं. हिलालने शिटी मारली, दोघं वाकले, आणि बीम खांद्यावर गेलं. गेलं. माझ्या तोंडून श्वास सुटला.

हे पुढे, हिलाल मागे. पहिली पायरी. दुसरी. दुसरीवर यांची पाठ पिळवटली, ती मला ओळखीची होती. आणि मी पाहिलं, हिलालचा पाय आत आला. वीतभर. मग आणखी. यांचं टोक हलकं झालं. माझ्याशिवाय खालून कुणाला कळलं नसतं. रघुनाथ पेढा खात होता. हिलालसारखा जोडीदार असा आत येत राहिला असता, तर तेरा पायऱ्या झाल्या असत्या. जोडी लागली असती. वर्षभर असंच चाललं असतं, कोण बघायला येतंय?

तिसऱ्या पायरीवर हे थांबले.

"हिलाल," हे मोठ्याने म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "टोकले सरक."

"चाल ना भो," हिलाल दातांतून म्हणाला. "लोके दखी ऱ्हायनात."

"दखू दे. टोकले सरक."

खुसखुस थांबली. हिलाल मागे सरकला. वजन यांच्यावर आलं. मला ते माझ्या खांद्यावर आल्यासारखं कळलं. चौथी पायरी. पाचवी. पाचवीवर दंड असा थरथरला की बीमच्या थाळीतून आवाज यायला लागला. सहावीवर एक पाय ठेवला, उचलला, परत ठेवला. मग यांनी मान हलवली, आणि दोघांनी बीम पायरीवर टेकवलं. नीट टेकवलं. सुताला ओरखडा नाही.

रघुनाथने हात झटकले. "सहा पायऱ्या. बाकीच्या सात कोण चढंल, मी?" मग आवाज खाली आला. "होळीले परत बघू, हेमराज. तोवर बॉबिन."

दुसरा एक जण पुढे आला आणि हिलालबरोबर बीम वर घेऊन गेला. हे खाली आले. बायकांनी बाकावर सरकून जागा केली. शोभाबाई म्हणाल्या, "या भाऊजी. बांगड्या कोणत्या रंगाच्या देऊ?" सगळ्या हसल्या. मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं.

"हिरव्या द्या," हे म्हणाले. "पण मापाच्या. मन्हा हात बारीक शे." बायका अजून हसल्या. हे हसले नाहीत, पण बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

भरलेल्या बॉबिनची एक पेटी वर न्यायची होती. चाळीसेक किलोची. रोज दोन बायका दोन बाजूंनी धरून नेतात. शोभाबाई उठल्या, तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पेटी छातीशी घेतली, उजवा हात खालून. दुसऱ्या पायरीवर थांबले. पेटी गुडघ्यावर टेकवली. परत उचलली. तिसरी. चौथीवर पुन्हा टेकवली. घामाने बनियन काळं झालं होतं. वरून खाली येणाऱ्या माणसांना भिंतीला चिकटून वाट द्यावी लागत होती आणि एक जण "जल्दी कर ना यार" म्हणून गेला.

मी केव्हा उठले होते ते मला कळलं नाही. पूजाला कडेवर घेऊन पायरीपाशी पोचले होते. पेटीची दुसरी बाजू हाताच्या अंतरावर होती, मोकळी, धरायला कडी असलेली.

हे वळले नाहीत. पेटी उचलली आणि पाचवीवर पाय ठेवला.

मी दोन्ही हातांनी पूजाला धरलं. इतकं घट्ट की ती रडायला लागली. तरी मी हात सैल सोडले नाहीत.